मधलं चाक

फाटकावर खडूनं लिहिलं होतं:
यंत्रं आयडल, सोमवारपासून.
म्हणजे मोडलेली नाहीत, गंजलेली नाहीत,
तेल घालून ताडपत्रीखाली नीट झाकलेली.
यंत्राला लावला तर या शब्दाचा डाग पडत नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानात मिसेस थ्वेट
बटाटे तोलता तोलता म्हणाली,
‘इनॉक सग्डन? हाडाचा आयडल.’
आणि पारड्यातला एक बटाटा काढून घेतला.
मी मागेच उभी होते, सात वर्षांची,
मुठीतली नाणी गरम झालेली.
घरी येऊन बाबांचं मनगट चाचपलं.
हाड लागलं.
बाकी काही सापडलं नाही.

कीथलीत त्या वर्षी हा शब्द
सगळ्यांच्या खिशात सुट्ट्या पैशांसारखा खुळखुळायचा.
शब्बीरकाका स्टेशनबाहेर टॅक्सी सुरू ठेवून
गिऱ्हाइकाची वाट बघायचे,
इंजिन धडधडतंय, गाडी जागच्या जागी.
‘हेही आयडलच,’ ते म्हणायचे, ‘आणि सगळ्यात महाग.’
टेकडीवरचं कुरण, दोन वर्षं मेंढ्या न सोडलेलं.
चहाबरोबरच्या आजीच्या वायफळ गप्पा.
बँकेत पडून राहिलेले पैसे
(आमचे नव्हेत).
कॉलिनदादाची पोकळ धमकी,
लंडनला निघून जाईन म्हणून.
या सगळ्यांना तोच एक शब्द पुरायचा.
इतकं राबतो बिचारा,
आणि अर्थ काय, तर म्हणे रिकामा बसलेला.

रविवारी चॅपलमध्ये पास्टर गरजले:
मूर्ती घडवू नका, मूर्तीपुढे वाकू नका.
आमच्या भाषेत मूर्ती आणि रिकामा
कानाला अगदी एकच लागतात.
मी टरकले.
कारण रोज पहाटे आई
खुर्चीतल्या बाबांपुढे वाकायची,
त्यांच्या सपाता सरळ करायची,
चहा ठेवायची,
आणि बेकरीच्या पाळीला निघून जायची.

मग दादाला काम मिळालं.
भंगारवाल्यांकडे.
बाबांच्याच कारखान्यात,
बाबांचीच यंत्रं सुटी करायचं.

त्या दिवसापासून आई दादाशी बोलेनाशी झाली.
टेबलाच्या या टोकाला ती, त्या टोकाला तो,
मध्ये बाबा.
‘त्याला सांगा, जेवण झाकून ठेवलंय.’
‘कॉलिन, जेवण झाकून ठेवलंय.’
‘तिला सांगा, भूक नाही.’
‘एथेल, भूक नाहीये त्याला.’
शब्द आत यायचा तसाच बाहेर जायचा,
बाबांचा त्यात एक कानामात्रासुद्धा नसायचा.

एका संध्याकाळी त्यांनी बिस्किटांचा डबा काढला.
फळीवर दोन खिळे ठोकून
दोन दातेरी चाकं बसवली.
भिडलेली चाकं उलटसुलट फिरतात,
हे डावीकडे, तर ते उजवीकडे.
मग त्यांनी ती लांब केली
आणि मध्ये तिसरं घातलं, लहानसं,
एका दाताचा टवका उडालेलं.
आता कडेची दोन्ही एकाच दिशेनं चालली.

‘मधल्याला काय म्हणतात?’
‘आयडलर.’
‘ते काय करतं?’
‘काही नाही. ना वेग वाढवतं, ना कमी करतं.
दात कितीही असोत त्याला, हिशेबात धरत नाहीत.’
असं म्हणून ते फिरवत राहिले,
बोटांना काळं ग्रीस.

ताजं ग्रीस.
आईनं ते पाहिलं.
हातातलं फडकं तसंच ठेवून म्हणाली,
‘त्याला विचारा, हे चाक आणलं कुठून.’

बाबा काही बोलले नाहीत.
पहिल्यांदाच.
चाक मात्र बोटाखाली फिरत होतं, टक्, टक्,
टवक्यापाशी किंचित अडखळत.

शेवटी आईला
दादाकडेच बघावं लागलं.